फ्रिकाडेले घरी कसं करायचं? जर्मन कबाब, हलाल खिमा आणि परदेशी निघालेली आपली मुलं

आमचा भाचा सध्या जर्मन शिकतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून आमच्या चेंबूर-गोवंडी भागात जर्मनचे क्लास, बी-१ची परीक्षा, व्हिसा हे शब्द घराघरांत ऐकू येऊ लागलेत. नर्सिंग केलेली, इलेक्ट्रिशियन झालेली, हॉटेलात काम करणारी मुलं-मुली तिकडे जायचं म्हणतात. आम्ही शिक्षक माणसं, मुलं पुढे जातात याचा आम्हाला आनंदच आहे. पण आमच्या नणंदेला एकच काळजी होती.

"भाभी, हा तिकडे खाणार काय?"

एके दिवशी जेवताना भाच्याने पुस्तकातला एक धडा सांगितला. दुपारच्या जेवणावरचा धडा होता आणि त्यात एक शब्द होता, 'फ्रिकाडेले'. चित्रात तव्यावर भाजलेली जाडसर टिक्की, बाजूला बटाटे आणि मोहरीची चटणी. चित्र बघून अम्मी म्हणाल्या, "अरे, हे तर कबाबच आहेत!" भाचा म्हणाला, "नानी, दिसतात कबाब, पण त्यात डुकराचं असतं." दस्तरखानवर सगळे गप्प झाले.

त्या दिवशी आम्ही ठरवलं, हा पदार्थ नीट समजून घ्यायचा, हलाल गोश्त वापरून घरी करून बघायचा आणि मुलालाही करायला शिकवायचा. दोन-तीनदा फसलो, मग जमलं. त्यातून जे कळलं ते वाचकांसाठी इथे मांडतोय. ज्यांच्या घरचं कुणी तिकडे चाललंय त्यांना उपयोग होईल. ज्यांचं कुणी जात नाही त्यांनाही इफ्तारसाठी आणि डब्यासाठी एक चांगला पदार्थ मिळेल.

फ्रिकाडेले म्हणजे नक्की काय?

खिम्यात दुधात किंवा पाण्यात भिजवलेला शिळा पाव, कांदा, अंडं, मोहरीची चटणी, मीठ आणि मिरी घालून मळायचं, चपट्या टिक्क्या करायच्या आणि थोड्या तेला-तुपात तव्यावर भाजायच्या. बस, एवढंच. ना आलं-लसूण, ना गरम मसाला, ना हिरवी मिरची.

जर्मनीत प्रत्येक भागात याचं नाव वेगळं आहे. उत्तरेत आणि पश्चिमेत 'फ्रिकाडेले', बर्लिनमध्ये 'बुलेटे', बव्हेरियात 'फ्लाइशफ्लान्त्सर्ल'. आपली मुलं ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात जातात तिथे 'फ्लाइशक्युशले'. फ्लाइश म्हणजे मांस, आणि क्युशले म्हणजे छोटा केक, आपल्या भाषेत वडी म्हणा. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. मुलांना हे चारही शब्द माहीत असावेत. नाव बदललं म्हणून आतला माल बदलत नाही.

पुष्कळांना वाटतं की हा बर्गरच आहे. तसं नाही. बर्गरच्या टिक्कीत साधारणपणे नुसता खिमा आणि मीठ-मिरी असते. फ्रिकाडेलेत पाव, कांदा, अंडं मळलेलं असतं, म्हणून तो जास्त मऊ लागतो आणि थंड झाल्यावरही खाता येतो. जाता जाता आणखी एक: 'हॅमबर्गर' या शब्दात 'हॅम' असला तरी त्याचा डुकराच्या हॅमशी संबंध नाही. तो शब्द हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आलाय. वर्गात दरवर्षी एखादं मूल हे विचारतंच.

आपल्या कबाबांशी नातं

खिमा तव्यावर टिकायचा असेल तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. शामी कबाबात हे काम चण्याची डाळ करते. सीख कबाबात भाजलेल्या चण्याचं पीठ घालतात. मुंबईतल्या पारशी घरांत कटलेट होतात, त्यांना बाहेरून अंड्याचं आवरण देतात. जर्मन घरात हे काम उरलेला शिळा पाव करतो. तिथे रोज बेकरीतून गोल छोटे पाव येतात, दुसऱ्या दिवशी ते कडक होतात. फेकण्यापेक्षा भिजवून खिम्यात घालायचे. इसराफ टाळायचा, थोड्या गोश्तात जास्त माणसं जेवायची. गरीब घरातली ही अक्कल जगभर सारखीच आहे. मुंबईत तर शिळ्या पावाची कमी कधीच नसते.

तुर्कांकडे याच कुळातला 'कोफ्ते' आहे. तो शब्द आणि आपला 'कोफ्ता' दोन्ही फारसीतून आलेत, मूळ अर्थ कुटणं. ऑक्टोबर १९६१ मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगार भरतीचा करार केला आणि हजारो तुर्की कुटुंबं तिथे गेली. आज जर्मनीच्या बहुतेक मोठ्या शहरांत तुर्की दुकानं आणि खाटीक आहेत, ते याच इतिहासामुळे. आपल्या मुलांच्या जेवणाची अर्धी सोय या लोकांनी आधीच करून ठेवलीय.

हराम कुठून शिरतं?

पदार्थात दोष नाही, दोन ठिकाणी लक्ष द्यायचं. पहिलं ठिकाण खिमा. जर्मन घरांत आणि दुकानांत यासाठी अर्धा बड्या जनावराचा आणि अर्धा डुकराचा असा मिश्र खिमा वापरतात. त्याला 'गेमिश्टेस हाकफ्लाइश' किंवा नुसतं 'हाल्ब उंड हाल्ब', म्हणजे निम्मं-निम्मं, म्हणतात. दुसरं ठिकाण तळायची चरबी. काही जण डुकराच्या चरबीत, 'श्वाइनेश्माल्ट्स'मध्ये तळतात.

डुक्कर का घालतात? कारण त्याच्या खिम्यात चरबी जास्त असते आणि टिक्की कोरडी होत नाही. हे कारण कळलं की उपायही सापडतो. आपल्याला ती चरबी दुसरीकडून आणायची आहे: बकऱ्याची चरबी, लोणी किंवा तूप. नुसता सुका खिमा घेऊन केलं की टिक्की लाकडासारखी होते आणि मग लोक म्हणतात, जर्मन पदार्थ बेचव असतो.

खिमा कोणता आणि कसा आणायचा?

चेंबूरला राहणाऱ्यांना गोश्ताची अडचण नाही. महापालिकेचा देवनार कत्तलखाना आमच्या शेजारीच, १९७१ पासून चालू आहे. बकरी ईदच्या आधी तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो तेव्हा सगळा रस्ता त्यानेच गजबजतो. पर्याय तीन आहेत.

बकऱ्याचा खिमा: रानाचं गोश्त घ्या आणि मटणवाल्या चाचांना सांगा की अर्ध्या किलोत साधारण ७५ ते १०० ग्रॅम चरबी घालून मशीनमधून दोनदा काढा. चव सगळ्यात चांगली येते, पण खर्चही जास्त.

बडं, म्हणजे म्हशीचं किंवा रेड्याचं: मूळ चवीच्या सगळ्यात जवळ हेच जातं. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीवर ती बंदी नाही. हे गोश्त सुकं असतं, म्हणून अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे लोणी किंवा थोडी बकऱ्याची चरबी घाला.

कोंबडीचा खिमा: छातीऐवजी तंगडीचा घ्या. मुलांना आवडतो, स्वस्त पडतो. पण तो फार ओला असतो, म्हणून दुधात भिजवलेला पाव जरा जास्त पिळून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या घरांत खिमा आणला की चाळणीत घालून नळाखाली धुतात. आमच्या पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. तव्यावर टाकताच टिक्क्यांतून पाणी सुटलं, त्या फुटल्या आणि शेवटी तो खिमा पावाबरोबर भुर्जीसारखा खाल्ला. अम्मी हसून म्हणाल्या, "जर्मनीला पोहोचायच्या आधीच हा चेंबूरचा खिमा-पाव झाला!"

उपाय सोपा आहे. गोश्ताचे मोठे तुकडेच आधी धुऊन, निथळून, पुसून घ्या आणि मग खिमा करा. घरी मिक्सर असेल तर तुकडे थंड असताना थोडे थोडे फिरवा. दुकानातून खिमा करून आणायचा असेल तर चाचांना सांगून तुकडे त्यांच्याकडेच धुऊन घ्या. आणलेला खिमा धुवायचाच असेल तर बारीक चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि स्वच्छ सुती कापडात बांधून पिळा. कच्चा खिमा नळाखाली जोरात धुतला की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि त्यातले जंतू पसरतात. ही सवय एरवीही सोडलेली बरी.

साहित्य (९ ते १० टिक्क्या)

खिमा ५०० ग्रॅम, चरबीसकट
लादी पाव २, आदल्या दिवशीचे
दूध अर्धा कप
कांदा १ मध्यम, अगदी बारीक चिरलेला
अंडं १
मोहरीची चटणी १ लहान चमचा (बाटलीतला मस्टर्ड चालतो, बंगाली कासुंदी असेल तर अर्धा चमचा)
मीठ १ लहान चमचा, सपाट
काळी मिरी अर्धा लहान चमचा, ताजी कुटलेली
जायफळ चिमूटभर
कोथिंबीर किंवा पार्सली २ मोठे चमचे
सुका मरवा अर्धा लहान चमचा
तळायला तेल २ मोठे चमचे आणि तूप १ मोठा चमचा

मरव्याबद्दल थोडं सांगायला हवं. जर्मन लोक ज्याला 'मायोरान' म्हणतात तो म्हणजे आपला मरवा. चेंबूरच्या बाजारात फुलवाल्यांकडे गजऱ्यात मोगऱ्यासोबत ओवलेली हिरवी सुवासिक पानं असतात, तीच. पण गजऱ्याचा मरवा खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर फवारणी असू शकते. म्हणून तो जेवणात घालू नका. नर्सरीतून रोप आणून कुंडीत लावा किंवा किराणा दुकानातली सुकी मार्जोरमची बाटली घ्या. नाहीच मिळाला तर थोडी ओवाफुलाची पानं नाहीतर पिझ्झाबरोबर येणारं ओरेगॅनो चालेल, आमच्याकडे चाललं.

कृती, आणि प्रत्येक पायरीचं कारण

१. पाव तुकडे करून दुधात १० मिनिटं भिजवा, मग हाताने हलकंच पिळा. अगदी कोरडा करायचा नाही. खिमा तापला की आकसतो आणि स्वतःतला रस बाहेर टाकतो. भिजलेला पाव मध्ये बसून तो रस धरून ठेवतो. पाव कमी पडला तर टिक्की कडक होते, जास्त झाला तर मऊ लापशी होते. दोन पाव हे माप बरोबर बसतं.

२. कांदा एक चमचा तुपात मंद आचेवर ५ मिनिटं परता. लाल करायचा नाही, फक्त मऊ आणि पारदर्शक. कच्चा कांदा घातला तर तव्यावर पाणी सोडतो आणि तिथे टिक्कीला चीर पडते. आमची दुसरी खेप इथे फसली होती. कांदा पूर्ण गार होऊ द्या, गरम कांदा खिम्यात घालू नका.

३. खिम्यात आधी फक्त मीठ घालून दोन मिनिटं मळा. मिठामुळे खिमा चिकट होतो आणि स्वतःलाच बांधून घेतो. मग पाव, कांदा, अंडं, मोहरी, मिरी, जायफळ, कोथिंबीर, मरवा घालून सारखं होईपर्यंतच मळा. कणकेसारखं १० मिनिटं मळत बसलात तर टिक्की रबरासारखी होईल.

४. झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. चरबी थंड होऊन घट्ट होते, पाव ओलावा शोषतो आणि आकार द्यायला सोपं जातं. मुंबईच्या उकाड्यात ही पायरी टाळू नका.

५. हात पाण्याने ओले करून लिंबापेक्षा मोठे गोळे घ्या, दोन सेंटिमीटर जाडीच्या टिक्क्या करा. मधोमध अंगठ्याने थोडं दाबा. भाजताना टिक्की मध्ये फुगते, खळगा असला की सपाट राहते.

मिठाचा अंदाज घ्यायला कच्चा खिमा चाखू नका. एक छोटी टिक्की आधी भाजून बघा.

६. जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर तापवा, तेल-तूप घाला. बिस्मिल्लाह म्हणून एका वेळी चार-पाचच टिक्क्या ठेवा. जास्त ठेवल्या तर तवा थंड पडतो, पाणी सुटतं आणि त्या भाजण्याऐवजी शिजतात. पहिली ५ मिनिटं हात लावू नका. खालून खरपूस झाली की टिक्की तव्यापासून आपोआप सुटते. सुटत नसेल तर ती अजून तयार नाही. उलटून आणखी ५ मिनिटं, मग आच कमी करून झाकण ठेवून ३ मिनिटं.

७. आत कच्ची राहता कामा नये. गोश्ताच्या मोठ्या तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून टिक्कीच्या गाभ्यात किमान ७० अंश सेल्सिअस उष्णता दोन मिनिटं राहायला हवी. थर्मामीटर नसेल तर एक टिक्की मोडून बघा: रस स्वच्छ हवा, मध्ये लालसर अजिबात नको.

कशाबरोबर खायचं?

तिकडे बटाट्याच्या सॅलडबरोबर खातात. उत्तरेत त्यात मेयोनीज घालतात, श्टुटगार्टकडे गरम मांसाचं पाणी आणि सिरका. ही दुसरी पद्धत आपल्याला जवळची आहे, कारण ते पाणी म्हणजे आपली यखनीच. अर्धा किलो बटाटे उकडून गरम असतानाच पातळ काप करा. त्यावर पाऊण कप गरम यखनी, दोन मोठे चमचे सिरका, बारीक कांदा, अर्धा चमचा मोहरीची चटणी, मीठ-मिरी आणि शेवटी दोन चमचे तेल. अर्धा तास तसंच ठेवा, बटाटा सगळं पिऊन घेतो.

घाई असेल तर पाव कापून आत टिक्की, मोहरी आणि काकडीचं लोणचं. जर्मनीत कामावर जाणारे लोक असाच डबा नेतात आणि थंडच खातात. आपल्याकडे हवा वेगळी आहे. शिजवलेली टिक्की दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. शाळेच्या डब्यात द्यायची तर सकाळची ताजी आणि मधल्या सुट्टीत संपेल एवढीच.

रमजानसाठी कच्च्या टिक्क्या करून, मध्ये बटर पेपर ठेवून डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगल्या राहतात. भाजायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा. कुर्बानीच्या गोश्तातलं जे तुकड्यांत जात नाही, त्याचाही खिमा करून हा प्रकार करता येतो.

जर्मनीत गेल्यावर: पाकिटावर काय वाचायचं

हा भाग घरातून निघणाऱ्या प्रत्येक मुलाने मोबाइलमध्ये ठेवावा.

श्वाइन, श्वाइनेफ्लाइश: डुकराचं मांस.
श्पेक, शिंकेन: बहुतेक वेळा डुकराचंच, पहिलं चरबीचं, दुसरं मांडीचं.
श्माल्ट्स: चरबी, बहुतेक वेळा डुकराची. पण 'बुटरश्माल्ट्स' म्हणजे चक्क आपलं तूप. एका शब्दाच्या फरकाने हराम आणि हलाल बदलतं.
रिंड, रिंडरहाकफ्लाइश: गाय-बैलाचं मांस, त्याचा खिमा.
लाम: मेंढीचं.
गेफ्ल्युगेल: कोंबडी-टर्की वगैरे. पण निर्धास्त होऊ नका, यांच्या सॉसेजमध्येही डुकराची चरबी असू शकते, घटकांची यादी वाचा.
वाइसवाइन: पांढरी वाइन. काही मोहरीच्या चटण्यांत ही असते. 'एसिश' म्हणजे सिरका, तो वेगळा.

'मेट' किंवा 'हाकेपेटर' नावाचा एक प्रकार बेकरीत पावावर लावलेला दिसतो. तो डुकराचा कच्चा खिमा असतो. दिसायला टोमॅटोच्या चटणीसारखा, म्हणून सांगून ठेवलं.

पाकिटावर नुसतं 'फ्रिकाडेले' लिहिलं असेल तर डुक्कर आहे असंच धरून चाला. 'रिंडर' हा शब्द पुढे असेल तर डुक्कर नाही, पण म्हणून ते हलाल झालं असंही नाही. जिबहचा प्रश्न उरतोच. जर्मन कायद्यात जनावर कापण्याआधी बेशुद्ध करणं बंधनकारक आहे. धार्मिक कारणासाठी सूट मागता येते, आणि १५ जानेवारी २००२ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एका तुर्की खाटकाच्या प्रकरणात ही वाट मुस्लिमांना नाकारता येणार नाही असा निकाल दिला. तरी अशी परवानगी सहज मिळत नाही. त्यामुळे तिथल्या हलाल दुकानांतही काही माल बेशुद्ध करून जिबह केलेला असतो, काही बाहेरच्या देशातून येतो. यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत. आपण ज्या आलिमांना मानतो त्यांना निघायच्या आधीच विचारून घ्यावं आणि तिकडे पोहोचल्यावर जवळच्या मशिदीत चौकशी करावी. तुर्की दुकानावर 'हेलाल' अशी पाटी असते, तो उच्चाराचा फरक आहे, शब्द तोच.

कॅन्टीनमध्ये विचारायला दोन वाक्यं पुरतात. "इस्ट दा श्वाइनेफ्लाइश द्रिन?" म्हणजे यात डुकराचं मांस आहे का? आणि "इश एसे नुअर हलाल", मी फक्त हलाल खातो. यात लाजण्यासारखं काही नाही. शाकाहारी मित्र मुंबईच्या हॉटेलात विचारतोच ना, भाजीत अंडं आहे का म्हणून? तसंच.

मुलांना स्वयंपाकघरात येऊ द्या

आता शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात गरजेचं. आपल्या घरांत मुलाला परदेशी पाठवताना नसीहत भरपूर दिली जाते. हे खाऊ नको, ते खाऊ नको, नमाज सोडू नको. सगळं बरोबर आहे. पण त्याला स्वतःपुरतं शिजवता येतं का, हे कुणी विचारत नाही. मुलगी असेल तर तिला येतंच असं आपण धरून चालतो. मुलगा मात्र वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत पाण्याचा ग्लासही अम्मीच्या हातून घेतो. मग थंडीच्या रात्री काम संपवून तो खोलीवर येतो, रविवार असेल तर दुकानंही बंद असतात, आणि स्टेशनवर गरम फ्रिकाडेलेचा पाव समोर दिसतो. त्या वेळी भुकेल्या पोराला नुसत्या नसीहतीवर किती दिवस तग धरता येईल? फ्रीझरमध्ये स्वतः केलेल्या सहा टिक्क्या असतील तर ही परीक्षाच येत नाही.

आपल्या नबी (सल्ल.) घरकामात घरच्यांना हातभार लावत, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीतून आपण ऐकत आलोय. मग मुलाने कांदा चिरला तर त्यात कमीपणा कसला?

भाच्याने पहिल्यांदा केलं तेव्हा कांदा करपला आणि बोट भाजलं. दुसऱ्यांदा मीठ विसरला. तिसऱ्यांदा त्याने चाचांकडून खिमा स्वतः आणला, आम्ही फक्त दारात उभे राहून बघत होतो. टिक्क्या थोड्या वाकड्या झाल्या होत्या, पण फुटल्या नाहीत. नणंदेने एक खाल्ली, मग दुसरी घेतली.

"मिरची नाही यात," ती म्हणाली.

"अम्मी, हे असंच असतं," तो म्हणाला.

"मग जाताना घरचा मसाला घेऊन जा. आणि ते शब्द मला पण लिहून दे, फोनवर विचारीन, काय वाचून घेतलंस म्हणून."

आता फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलाय. वर श्वाइन, श्पेक, श्माल्ट्स, खाली रिंड, लाम, बुटरश्माल्ट्स. त्याची बी-१ ची परीक्षा अजून व्हायचीय, पण हे सहा शब्द नणंदेला त्याच्याआधी पाठ झालेत.